नसीमबानूचं तीन नंबरचं टोकन

रांगेत उभं राहणं मला आयुष्यात कधी जमलं नाही. माझी छत्तीस वर्षं टेलिफोन खात्यात गेली. लोक फोनसाठी अर्ज करून आठ-आठ वर्षं वाट बघायचे, त्या काळात त्या अर्जांच्या फायली माझ्या टेबलावर असायच्या. म्हणजे रांग मी आतल्या बाजूने पाहिलेली. कोणाचा अर्ज कोणाच्या चिठ्ठीने वर सरकतो, हे मला पाठ होतं. त्यामुळे मुकाट्याने रांगेत उभा राहणारा माणूस मला भाबडा वाटायचा. गेल्या वर्षीच्या रमजानापर्यंत तरी वाटायचा.

त्या सुमारास माझ्या उजव्या डोळ्याला धूसर दिसायला लागलं. नगर रस्त्याकडे एक धर्मादाय नेत्र रुग्णालय आहे, त्याचं नाव घेत नाही. तिथल्या राजनंदिनी मॅडम पडद्याच्या दुखण्यातल्या नावाजलेल्या. सोमवार, बुधवार आणि शुक्रवार तपासतात, साडेबाराला उठतात आणि दुसरीकडे ऑपरेशनला जातात. त्यांच्याकडे आत जायचे दोन रस्ते. एक 'त्वरित कक्ष'. पाचपट पैसे, दिवसाला आठच जागा, आणि त्या आदल्या संध्याकाळी ॲपवर दहा मिनिटांत संपतात. दुसरा रस्ता म्हणजे पहाटेची रांग.

माझी मुलगी उत्कर्षा हिंजवडीला नोकरी करते. बापासाठी तिला सुटी मिळत नाही, तोडगा मात्र मिळतो. कंपनीच्या बसवर फैज नावाचा ड्रायव्हर आहे, त्याची आई पैसे घेऊन रांगेत उभी राहते, हे तिने शोधून काढलं. "बाबा, चारशे रुपये. तुम्ही नऊला जायचं, टोकन घ्यायचं, आत जायचं. काय वाईट आहे?" मला तर यात वाईट असं काहीच दिसलं नाही.

फैजची आई म्हणजे नसीमबानू. येरवड्याची. वय साठीच्या आतबाहेर, अंगकाठी बारीक, पायात पुरुषी सँडल, काखेत घडीचं स्टूल. नवरा दादामियाँ गाद्या पिंजायचा. फोमच्या गाद्या आल्या आणि पिंजणाऱ्याला दारावर कोणी बोलवेना. त्या काळजीतच तो गेला. मग ही आधी रॉकेलच्या रांगेत शेजारणींसाठी उभी राहायला लागली, पुढे आधार कार्डाच्या, पुढे शाळेच्या अर्जांच्या, आणि शेवटी या डोळ्यांच्या रांगेत स्थिरावली. उभ्या उभ्या एका शिंप्याच्या शर्टांना काजं करायची. पहाटे साडेचारला दिव्याच्या खांबाखाली बसून तिची सुई चालू. रमजानात रोज्याआधीच्या सहरीचा डबाही तिथेच.

या रांगेची एक रीत आहे. पहाटे जो पहिला येतो, तो वहीचं पान फाडून त्यावर नाव लिहितो आणि ते पान गेटच्या जाळीला दोऱ्याने बांधतो. मागून येणारे आपापलं नाव खाली लिहितात. साडेसहाला रांगेतलाच कोणीतरी हजेरी घेतो. हजर नसलेल्याच्या नावावर काट. सातला खिडकी उघडली की कागदाच्या क्रमाने चाळीस टोकनं वाटली जातात. रुग्णालयाचा या कागदाशी काडीचा संबंध नाही, पण तो मोडायची रुग्णालयाचीही छाती नाही. टोकनावर फक्त आकडा. ज्याच्या हातात टोकन, त्याचा नंबर.

नसीमबानूचेही नियम होते. एका दिवशी एकच नंबर धरायचा, दोन नाहीत. कागदावर गिऱ्हाइकाचंच नाव लिहायचं. लहान मुलाला घेऊन कोणी आलं तर त्याच्याकडून पैसे घ्यायचे नाहीत. आठ वर्षं ती तिथे उभी राहिली, पण त्या जाळीवरच्या कागदावर तिचं स्वतःचं नाव एकदाही लागलं नव्हतं. हे मला तेव्हा माहीत असतं तरी मी त्यावर विचार केला नसता.

सोमवारी मी नऊला पोचलो. फाटकापाशी ती उभी होती, हातात तीन नंबरचं टोकन. मी पैसे काढले. तिने टोकन पुढे केलं नाही.

"साहेब, एक विचारू का? तुम्ही बुधवारी आलात तर नाही का चालणार? बुधवारी मी फुकट उभी राहते. आज मला माझाच डोळा दाखवायचा होता."

"का? काय झालं डोळ्याला?"

"काल ठिणग्या दिसत होत्या. आज पहाटेपासून इथे खाली, नाकाकडच्या बाजूला, काळं दिसतंय. रोज्याचा अशक्तपणा असेल म्हणा. पण मॅडमनी एकदा बघितलं असतं तर बरं झालं असतं."

आता मी काय समजलो ते सांगतो. मी समजलो, बाई भाव वाढवतेय. छत्तीस वर्षांत माझ्या टेबलासमोर इतक्या लोकांनी आजारी आई, बाळंतीण सून आणि अमेरिकेहून येणारा जावई उभा केला होता की खरं दुखणं आणि रचलेलं दुखणं मला सारखंच ऐकू यायचं. मी आणखी दोनशे रुपये काढून त्या चारशेवर ठेवले.

"काय बाई, डोळा कालपासून आणि भाव आजपासून, असं का?" मी म्हणालो. वाक्य चांगलं जमलं म्हणून मला बरंही वाटलं.

मग तिने टोकन माझ्या हातात दिलं, चारशे घेतले आणि वरचे दोनशे शेजारच्या बाकावर ठेवून दिले. "ठरलं तेवढंच," म्हणाली आणि स्टूल उचलून चालू लागली. मला तो सगळा आव वाटला. दोनशे रुपये मी उचलून परत खिशात घातले. पुण्यात राहतो मी.

साडेनऊला मी आत. राजनंदिनी मॅडमनी सहा मिनिटं बघितलं. मोतीबिंदूला अजून अवकाश आहे, चष्म्याचा नंबर तेवढा बदला, सहा महिन्यांनी या. दहाला मी बाहेर पडलो. बाहेरच्या बाकांवर पस्तीस-छत्तीस माणसं बसली होती. त्यांच्याकडे बघून मनात आलं, चारशे रुपयांत दिवस वाचला. वसूल.

बुधवारी चष्मा तयार होता. तो घ्यायला मी अकराच्या सुमारास गेलो. चष्म्याचं दुकान रुग्णालयातच, तळमजल्याला. नवा चष्मा लावला, समोरच्या पाटीवरची बारीक अक्षरं वाचली आणि खुशीत बाहेर आलो. तर बाकांच्या शेवटच्या टोकाला, भिंतीला टेकून नसीमबानू बसलेली. हातात शर्ट नाही, सुई नाही. गुडघ्यापाशी सलवार फाटलेली आणि तिथे वाळलेलं रक्त. मुठीत टोकन.

"आज कोणाचा नंबर?" मी विचारलं.

"माझा."

मी हसलो. खरंच हसलो. मग तिने मान वर केली आणि माझा चेहरा शोधायला तिला जरा वेळ लागला, तेव्हा हसू थांबलं.

"डाव्या डोळ्यात खालून काळं चढतंय, साहेब. टाकीत पाणी चढतं ना, तसं. सोमवारी कडेला होतं. काल दुपारी अर्ध्यावर. आज पहाटे बसची पायरी दिसली नाही, पडले. पहिली बस गेली. येईतोवर सात वाजले."

"कितवा नंबर?"

तिने मूठ उघडली. अडतीस.

भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती. दारावरच्या दिव्यात सोळा नंबर. मी मनात हिशोब केला. साडेबारापर्यंत फार तर तिसावा. टोकनं चाळीस वाटतात, पण तिसाच्या पुढचे बहुतेक वेळा परत जातात, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि मॅडम पुन्हा येणार शुक्रवारी. डोळ्याचं मला काही कळत नाही, पण सोमवारी कडेला असलेलं पाणी बुधवारी अर्ध्याच्या वर असेल, तर शुक्रवारपर्यंत टाकी भरणार हे कळायला डॉक्टर कशाला हवा?

"खिडकीवर सांगितलंत का?"

"सांगितलं. विश्वजीत हसला. तुमच्यासारखाच."

मी खिडकीकडे गेलो. विश्वजीत हा टोकनांचा कारकून, तिशीचा, बोलायला गोड आणि ऐकायला बहिरा. मी म्हणालो, "त्या बाईंना ताबडतोब आत घ्या. डोळा जातोय त्यांचा."

"काका, नसीमबानू आठवड्यातून तीनदा कोणाच्या ना कोणाच्या डोळ्यासाठी इथे येते. प्रत्येकाचा डोळा जातच असतो."

"आज तिचा स्वतःचा आहे."

"असेल. तातडीचं म्हणून मागच्या महिन्यात दोघांना सोडलं मधे, दोघांनाही साधी रांजणवाडी निघाली. बाहेर हाणामारी व्हायची वेळ आली. परवा तुमचंही तातडीचंच होतं, नाही का?"

परवा मी त्याला तसं म्हणालो होतो खरा. जरा लवकर आत जाता आलं तर बघावं, म्हणून.

"बरं, मग त्वरित कक्षात घाला. पाचपट ना? मी भरतो. दहापट घ्या."

"आठही जागा कालच गेल्या. शुक्रवारची देऊ का?"

मी पाकीट उघडं धरून उभा होतो. आयुष्यात प्रथमच पाकिटातल्या नोटा मला नुसते कागद दिसले. त्या खिडकीवर त्यांची किंमत शून्य होती. राग आला, आणि तो विश्वजीतवर काढायचीही सोय नव्हती, कारण तो बोलला त्यात एक शब्द खोटा नव्हता.

अकरा वीस. दिव्यात सतरा.

मग मी जन्मात न केलेली गोष्ट केली. बाकांच्या मधोमध उभा राहून हात जोडले आणि मोठ्याने म्हणालो, "आपण सगळ्यांनी कृपा करून या बाईंना पुढे जाऊ द्यावं. फार गंभीर आहे."

कोणी हललं नाही. एका बाईंनी मांडीवरचं पोर दुसऱ्या मांडीवर घेतलं. मग पुढच्या बाकावरून आवाज आला, "तुमी कोन?"

विचारणारा होता गेनबा. त्याचं नाव मला नंतर कळलं. हिंजवडीच्या पलीकडच्या गावचा, डोक्यावर कडक पांढरी टोपी, हातात अंगठी. जमीन कंपन्यांच्या घशात गेलेली आणि पैसा गाठीला आलेला, हे अंगठीवरून दिसत होतं. असा माणूस त्वरित कक्षात का नाही, असा प्रश्न पडावा. पण ॲप त्याला जमत नव्हतं, आणि ज्याला जमत होतं तो मुलगा नोकरीवर होता.

"मी यांच्या ओळखीचा," मी म्हणालो.

"वळखीचं न्हाय, गिऱ्हाईक. परवा बघितलंय मी तुमाला. मी चौतिसावा व्हतो परवा. सकाळी साडेसातपास्नं हितं बसलो. तुमी नवाला आलात, साडेनवाला आत, धाला घरी. साडेबाराला मला सांगितलं, बुधवारी या. डोळ्यात सुई टोचायची हाय माझ्या, साखरेनं पडदा सुजलाय. दोन दिस उशीर झाला तो कुनामुळं झाला?"

मी जोडलेले हात खाली घेतले.

"आन ती," त्याने नसीमबानूकडे बोट केलं, "ती तर जागा इकून खाती. आज म्हनं डोळा दुखतोय. दुखंल की. धंदाच डोळ्याचा हाय."

दोघं-तिघं हसले. कोणीतरी म्हणालं, यांना एकदा सोडलं की रोजच सोडावं लागेल. नसीमबानू भिंतीपाशी उठून उभी राहिली. "राहू द्या, साहेब," ती म्हणाली. "त्यांचं बरोबर आहे. माझा नंबर अडतीस आहे. येईल तेव्हा येईल."

"येणारच नाही तो!" मी ओरडलो. ती माणसं दगडासारखी बसली होती म्हणून मला संताप येत होता, आणि त्यांना दगड कोणी केलं हे मला कळत होतं. चारशे रुपयांत मी फक्त माझा दिवस विकत घेतला असं समजत होतो. पण माझ्यामागे पस्तीस माणसं एकेक पायरी खाली ढकलली गेली होती आणि त्यातली आज परत आलेली मला चेहऱ्यानिशी ओळखत होती. आज माझ्या शब्दाला किंमत असावी असं वाटत असेल, तर परवा रांगेत बसायला हवं होतं.

अकरा तीस. अठरा नंबर आत गेला. गेनबाचा एकोणीस.

तो उठला. मला वाटलं दाराकडे निघाला. पण तो बाकांच्या शेवटाला आला आणि नसीमबानूच्या पुढ्यात उभा राहिला. "कंच्या डोळ्यानं दिसत न्हाय?"

"डाव्या."

"दुसरा झाक."

तिने तळहाताने उजवा डोळा झाकला. गेनबाने तो हात बाजूला करून आपला रुंद पंजा तिथे धरला, फट राहू नये म्हणून. पुढे वाकून आपलं तोंड तिच्या तोंडासमोर आणलं.

"सरळ माझ्याकडं बघ. काय दिसतं?"

"टोपी दिसते."

"आन खाली?"

"खाली कोणी नाही."

"मी हासतोय का रडतोय?"

"भाऊ, खाली माणूसच नाही," ती म्हणाली, आणि इतका वेळ सरळ असलेला तिचा आवाज तिथे फुटला. तिला स्वतःलाही ते तेव्हाच नीट कळलं असावं. दोन्ही डोळे उघडे असताना उजवा सगळं सावरून घेत होता.

कोणी हसलं नाही. गेनबाने पंजा काढला. खिशातून आपलं टोकन काढून तिच्या हातात दिलं आणि तिच्या मुठीतलं अडतीस स्वतः घेतलं.

"भाऊ, तुमची सुई..."

"शुक्रवारी टोचंल. जा तू." मग तो बाकांकडे वळला. "अदलाबदल हाय ही. मधी कुनाला घुसवलेलं न्हाय. कुनाचा नंबर मागं गेला असंल तर बोला."

कोणाचाच गेला नव्हता. माझ्या दहापट पैशांनी जे झालं नाही, ते त्याने आपली जागा देऊन केलं, आणि त्यातही दुसऱ्या कोणाची जागा चोरली नाही. त्यापुढे मी अगदीच किरकोळ माणूस होतो.

सिस्टर डोळ्यात थेंब घालायला आली. नसीमबानूने तोंड मागे घेतलं. "घशात उतरेल का? रोजा आहे."

"उतरला तर उतरला," गेनबा म्हणाला. "तुज्या अल्लाला काय दिसत न्हाय व्हय?"

तिने मान मागे टाकली. थेंब पडले. पण आता बाहुली मोठी होईपर्यंत वीस मिनिटं थांबायचं होतं, आणि तोवर वीस आणि एकवीस नंबर आत जाऊन आले. पावणेबारा. बारा. सिस्टर येऊन बघून गेली, "अजून पाच मिनिटं." बाविसावा आत गेला तो बाहेरच येईना. आतून मॅडमचं बोलणं ऐकू येत होतं. बारा दहा झाले. मी दाराशी उभा राहून हँडलकडे बघत होतो. टेलिफोन खात्यात लोक माझ्या दाराकडे असेच बघत असतील, हा विचार तेव्हा आला आणि नको तेव्हा आला.

बारा चौदाला तिला बोलावलं. सोबत कोणी नाही म्हणून मी आत गेलो. फैजला फोन केला होता, पण तो हिंजवडीच्या वाहतुकीत अडकलेला.

राजनंदिनी मॅडमनी आधी डावा बघितला, मग उजवा, मग पुन्हा डावा. कपाळावरचा दिवा बाजूला सारला. "पडदा सुटलाय. मधला भागही सुटलाय. आजच भरती व्हा, उद्या सकाळी पहिलं ऑपरेशन तुमचं."

"डोळा वाचेल?" नसीमबानूने विचारलं.

"डोळा वाचेल. थोडी नजरही परत येईल. पण या डोळ्याने बारीक काम होईल असं मी सांगणार नाही."

"काजं करते मी."

"उजव्याने करा," मॅडम म्हणाल्या. मग पेन उचललं. "कधीपासून त्रास?"

"रविवारी ठिणग्या. सोमवारी पहाटे कडेला काळं."

पेन थांबलं. "सोमवारी मी इथेच होते. सोमवारी नुसतं कडेला असेल, तर मधला भाग तेव्हा जागेवर होता. त्याच दिवशी घेतलं असतं तर बहुतेक सगळी नजर राहिली असती. सोमवारी का नाही आलात?"

नसीमबानूने माझ्याकडे बघितलं नाही. भिंतीकडे बघत, अगदी सहज ती म्हणाली, "आले होते. नंबर लागला नाही."

ज्या बाईचा आठ वर्षांत एकदाही नंबर चुकला नव्हता, तिने हे सांगितलं. मॅडमनी मान हलवली आणि लिहू लागल्या. प्रकरण तिथे संपलं असतं. पण ते तिथे संपू देणं मला जमेना.

"लागला होता," मी म्हणालो. "तिसरा. यांनी मला सांगितलंही होतं, डोळा दाखवायचाय म्हणून. मी ते टोकन विकत घेतलं. चारशे रुपयांना."

मॅडमनी मान वर केली. आधी माझ्याकडे, मग तिच्याकडे, मग माझ्या नव्या चष्म्याकडे बघितलं. "इथे टोकनं विकली जातात?" त्यांनी विचारलं. उत्तराची वाट न बघता घंटी दाबली आणि विश्वजीतला आत बोलावलं. आम्हाला बाहेर बसायला सांगितलं.

बाहेर गेनबा चपला घालत होता. साडेबारा वाजले होते आणि दिव्यात तेवीस होता. "काय म्हनल्या?" त्याने विचारलं. नसीमबानूने सांगितलं. त्याने च् च् केलं, टोपी सारखी केली आणि म्हणाला, "बरं, मी येतो शुक्रवारी," आणि गेला.

थोड्या वेळाने विश्वजीत भरतीचे कागद घेऊन आला. तिच्याकडे बघायचं टाळून त्याने सांगितलं, "नसीमबानू, मॅडमनी सांगितलंय. शुक्रवारपासून टोकनावर नाव आणि आधारचे आकडे. ज्याचं टोकन त्यालाच. तो जाळीवरचा कागदही बंद." मग हळूच म्हणाला, "मी तरी काय करणार?"

तो गेल्यावर आम्ही दोघंच बाकावर उरलो. नियम चांगला होता. कितीतरी आधीच व्हायला हवा होता, हेही खरं. पण त्या नियमाने आज नेमका जिच्या पोटावर पाय आला, ती माझ्या शेजारी बसली होती, एका डोळ्यावर पट्टी बांधून. माझा हात सवयीने पाकिटाकडे गेला. तिने उजव्या डोळ्याने ते बघितलं आणि मी हात तसाच मागे घेतला.

"साहेब," ती म्हणाली, "मी एकच खोटं बोलले होते. त्यात कोणाचं काही जात नव्हतं."

"मला राहवलं नाही हो," मी म्हणालो.

"सोमवारी राहवलं की."